शपथेच्या सकाळचं खोगीर

मित्रांनो, आधी मला पोटभर हुश्श करू द्या, मग ओळख करून देतो. खोगिराला कुठलं आलंय पोट, असं म्हणू नका. मला आहे. लोकर आणि घोड्याचे केस ठासून भरलेलं चांगलं गुबगुबीत पोट आहे, आणि मध्यंतरी त्या पोटात भीतीने असा गोळा उठला होता की विचारू नका. आता तो उतरला आहे आणि मी निवांत बोलू शकतो.

मी एक जुनं खोगीर आहे. वय साठ. जे घोड्याच्या पाठीवर आवळतात आणि ज्यावर स्वार बसतो, ते. पण रोजच्या रपेटीचं साधं खोगीर मी नव्हे. आपल्या राज्यात निवडून आलेला राज्यप्रमुख शपथ घ्यायला जातो, तो माझ्यावर बसून जातो. असे आठ राज्यप्रमुख मी पाठीवर घेतले आहेत. राज्याचा भार त्यांनी कसा उचलला ते तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचा. मला फक्त त्यांचं बसणं ठाऊक आहे. खरं सांगायचं तर बसण्यावरूनही माणूस बराच कळतो.

माझा जन्म पागेच्या मागच्या खोलीत झाला. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि जमिनीवर कातड्याच्या कात्रणांचा नुसता खच पडलेला असायचा. तिथे जीनगर बसायचा. खोगीर, लगाम, पट्टे असं घोड्याचं सगळं चामडी सामान करणारा कारागीर, तो जीनगर. माझा जीनगर अंगाने आडवा आणि आवाजाने खणखणीत होता. त्याने माझ्यासाठी आणलेलं पहिलं कातडं नापसंत केलं, दुसरं बायकोला दाखवून परत पाठवलं आणि तिसरं तीन दिवस भिजवून, ताणून, त्याच्याशी भांडून मग कापायला घेतलं. पोटातली लोकर त्याच्या बायकोने बोटांनी पिंजली. एक गाठ राहिली तरी ती सगळं उपसून पुन्हा भरायला लावायची. तो कुरकुरायचा आणि भरायचा.

"वरचं कातडं माणसं बघतात," ती म्हणायची, "आतलं घोडं बघतं. घोड्याला फसवता येत नाही."

तुम्ही माणसं निरुपयोगी पसाऱ्याला ‘खोगीरभरती’ म्हणता, हे मला नंतर समजलं. तेव्हा फार वाईट वाटलं. ज्याने कुणी हा शब्द काढला, त्याला एकदा बिनभरतीच्या खोगिरावर बसवून दोन मैल पळवायला हवं होतं. असो. राग फार दिवस धरून ठेवू नये.

आता हा घोड्यावरून जायचा प्रकार कुठून आला, ते सांगतो. पूर्वी इथे राजे होते. ते घोड्यावरून यायचे, घोड्यावरूनच बोलायचे आणि घोड्यावरूनच निघून जायचे. लोकांनी मान वर करून ऐकायचं. पुढे लोकांचं राज्य आलं, तेव्हा पागेतले घोडे काढून टाकावेत असं बहुतेकांचं मत पडलं. पण पहिल्या निवडून आलेल्या राज्यप्रमुखांनी हरकत घेतली. त्यांना सगळे ‘मिशीवाले’ म्हणत. ते म्हणाले, "घोडा राहू द्या. आपण पागेपासून सभागृहापर्यंत घोड्यावरून जाऊ. पण पायरीपाशी सगळ्यांसमोर उतरायचं, लगाम मोतद्दाराच्या हातात द्यायचा आणि तिथून पुढे पायी. लोकांनी आपल्याला उतरताना बघितलं पाहिजे."

मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा. राज्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाने त्याच्या हातात लगाम द्यायचा आणि खाली उतरायचं, अशी ती रीत पडली. पागेच्या दारापासून पायरीपर्यंत दोनशे अकरा पावलं होतात. मध्ये दगडी उतार आहे, तेवढा जरा जपून.

या रीतीला जोडून दुसरीही एक रीत होती. ती कुठल्या पुस्तकात नाही, कारण ती जीनगराची स्वतःची होती. शपथेच्या सकाळी तो मला पागेतल्या लाकडी घोडीवर, म्हणजे खोगीर ठेवायच्या तिवईवर, चढवायचा, तंग आवळायचा आणि माझ्या रिकिबीला चक्क लोंबकळायचा. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा रुंद पट्टा, आणि रिकीब म्हणजे स्वार पाय अडकवतो ती कडी. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि तिसऱ्यांदा दोन्ही पाय उचलून, मोठ्याने दहा आकडे मोजत. जो बसणार त्याच्यापेक्षा लोंबकळणारा वजनाने भारी पाहिजे, असा त्याचा नियम होता. तो स्वतः एवढा दणकट होता की हा नियम कधी आड आला नाही. दहा आकडे झाले की तो मोतद्दाराला म्हणायचा, "चढव आता."

मिशीवाल्यांनी त्याला पहिल्यांदा असं लोंबकळताना बघितलं, तेव्हा ते हसायला लागले. जीनगर काही हसला नाही.

"साहेब, पडायचं असेल तर आधी मी पडतो. मग तुम्ही बसा."

मिशीवाल्यांनी टोपी काढून त्याला नमस्कार केला. ते घोड्यावर असे बसले की मला वाटलं, आपण यासाठीच जन्माला आलो. माझे ते सोन्याचे दिवस होते.

सगळेच काही तसे नव्हते. नंतर आलेले वकीलसाहेब देहाने भरभक्कम होते, पण जन्मात घोड्याच्या जवळ गेले नव्हते. ते दोनशे अकरा पावलं ओठ हलवत बसले होते. लोकांना वाटलं, साहेब देवाचं नाव घेत आहेत. प्रत्यक्षात ते घोडीला म्हणत होते, "हळू गं बाई, हळू." पुढे आले ते मास्तर. ते ताठ बसले, छान बसले, पण उतरताना त्यांचा पाय रिकिबीत अडकला आणि राज्यप्रमुखांनी पायरीपर्यंतचं अंतर एका पायावर उड्या मारत कापलं. विरोधकांनीही टाळ्या वाजवल्या. मास्तर त्या दिवशी जेवढे लोकांचे लाडके झाले, तेवढे निवडून येऊनही झाले नव्हते. मग एक तरुण नेते आले. घोड्यावर बसणं हा सरंजामी थाट आहे, असं म्हणून ते घोडीचा लगाम धरून पायीच चालले आणि मी रिकामाच मागून गेलो. मला जिव्हारी लागलं. पण त्याही सकाळी जीनगर माझ्यावर तीनदा लोंबकळला होता. रिकामं जाणार म्हणून काय झालं, म्हणाला.

त्यानंतरचे राज्यप्रमुख चौदा गाड्या घेऊन आले. शेवटच्या गाडीचं दार उघडलं, छत्री उघडली आणि साहेब छत्रीखालून थेट आत गेले. त्यांना उतरताना कुणी बघितलंच नाही. मला ‘ऐतिहासिक ठेवा’ असं नाव मिळालं आणि माझी रवानगी समारंभ विभागाच्या बोळातल्या काचेच्या पेटीत झाली. तिथे मी बावीस वर्षं काढली.

मित्रांनो, कौतुकात कसा घात असतो ते इथे बघा. सुताराने पेटी दोन बोटं अरुंद केली होती. मी त्यात मावलो, पण माझे तंगाचे पट्टे खाली लोंबत राहिले. तंगाचे पट्टे म्हणजे माझ्या दोन्ही बाजूंना, वरच्या झापेखाली असलेले ते पट्टे, ज्यांना तंगाची बक्कलं अडकवतात. सगळा स्वार शेवटी त्यांच्यावर असतो. पेटीचं दार लागेना, म्हणून एका कारकुनाने ते पट्टे मागे दुमडले आणि पितळी चुका, म्हणजे बारीक खिळा, ठोकून टाकला. दार लागलं. दरवर्षी एकदा मला पॉलिश व्हायचं. समोरून दिसेल तेवढ्या भागाला. दुमडलेल्या जागी ना तेलाचा थेंब गेला, ना कुणाचं बोट. पाहुणे यायचे, "वा, काय चकाकतंय!" म्हणायचे आणि पुढे जायचे. मी वरून झकपक आणि आतून वाळत चाललो होतो.

माझा जीनगर तिथे तीनदा येऊन गेला. म्हातारा झाला होता. काचेला नाक लावून त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या नजरेतून ती घडी सुटली नाही.

"पेटी उघडा," तो म्हणाला, "पट्टे सरळ सोडू द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"किल्ली साहेबांकडे असते आणि साहेब रजेवर आहेत," असं त्याला सांगण्यात आलं. तिन्ही वेळा साहेब रजेवरच होते. चौथ्या वेळी तो आला नाही. त्याचं पद रद्द झाल्याचं आणि पुढच्याच वर्षी तो गेल्याचं मला बोळ झाडणाऱ्या बाईंच्या बोलण्यातून कळलं. खोगिराला रडता येत नाही, पण त्या दिवशी आलं असतं तर बरं झालं असतं.

मग यंदा निवडणूक झाली आणि कंडक्टरबाई निवडून आल्या.

त्यांनी वीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती आणि पुढे कामगारांच्या पुढारी झाल्या होत्या. वय सत्तावन्न, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा माणूससुद्धा पुढे सरकावा. त्या भाषणात म्हणाल्या होत्या, "मी घोड्यावरून येईन आणि तुमच्यासमोर उतरेन." लोकांना ते फार आवडलं. अडचण एवढीच होती की चालत्या बसमध्ये काही न धरता उभ्या राहणाऱ्या या बाई घोड्यावर कधी बसल्याच नव्हत्या. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. जिला घोडी सांभाळता येत नाही ती राज्य काय सांभाळणार, असं ते जिकडेतिकडे बोलू लागले. शपथेच्या दिवशी बाई पडल्या असत्या, तर हाडं मोडली असतीच, वर पाच वर्षं तोच चेष्टेचा विषय झाला असता.

बाई हटल्या नाहीत. सहा आठवडे त्या रोज पहाटे पागेत गेल्या. तिथे एक पांढरी, एकोणीस वर्षांची शहाणी घोडी आहे. तिला सगळे ‘आजीबाई’ म्हणतात. म्हाताऱ्या मोतद्दारकाकांनी बाईंना तिच्यावर बसवलं, चालवलं, उतरवलं. दोनदा बाई पडल्या. दुसऱ्यांदा मनगट मुरगळलं, तरी पट्टी बांधून त्या तिसऱ्या दिवशी हजर झाल्या. हे सगळं मला नंतर समजलं, कारण सरावाला मी नव्हतोच. सरावाला पागेतलं दुसरं, साधं खोगीर वापरलं जात होतं.

हा हुकूम समारंभ अधिकाऱ्यांचा होता. या गृहस्थांना पागेत ‘इस्त्रीसाहेब’ म्हणत, कारण त्यांच्या कपड्यांना आणि बोलण्याला कधी चुणी पडत नसे. माणूस वाईट नव्हता. पण ऐतिहासिक खोगिराला सरावात घामाचे डाग पडतील, म्हणून ते थेट शपथेच्याच दिवशी काढायचं, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे बावीसहून जास्त वर्षं ज्याच्यावर कुणी बसलं नाही, त्याच्यावर बाई एकदम दगडी उतारावर बसणार होत्या. दिसायला चांगलं दिसावं म्हणून माणसं किती विचारपूर्वक चूक करतात, हे मी तेव्हा शिकलो.

आदल्या दिवशी मला पेटीतून काढलं. चुका उपसला, पट्टे सरळ केले आणि त्या घडीच्या जागी बारीकसा कर्र असा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला. मग मला दोनदा पॉलिश झालं आणि झापेखाली सगळं झाकलं गेलं. मित्रांनो, माझ्या पोटात गोळा उठला तो तेव्हा. आपलं कुठे दुखतंय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, आपल्यामुळे एका भल्या बाईचा कपाळमोक्ष होणार हेही दिसतंय, आणि आपल्याला तोंड नाही! त्यापेक्षा मला उंदरांनी कुरतडून टाकलं असतं तर बरं, असं वाटलं.

शपथेच्या दिवशी अकरा वाजता बाई निघणार होत्या. साडेनऊला इस्त्रीसाहेब हातात कार्यक्रमाची यादी घेऊन पागेत आले आणि म्हणाले, "काका, चढवा खोगीर."

मोतद्दारकाका आजीबाईची आयाळ विंचरत होते. ते वळलेसुद्धा नाहीत.

"जीनगर लोंबकळल्याशिवाय मी हे चढवणार नाही."

"काय झाल्याशिवाय?"

"लोंबकळल्याशिवाय. तरुणपणापासून या पागेत आहे मी. लोंबकळल्याशिवाय चढवलेलं नाही."

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत तपासली. "यादीत लोंबकळणं नाही. आणि जीनगराचं पद तर केव्हाच रद्द झालंय."

"पद रद्द झालंय, साहेब. पडणं रद्द झालेलं नाही."

"बाहेर सगळं शहर जमलंय, काका!"

"म्हणूनच म्हणतोय. मागच्या गल्लीत त्याची लेक आहे. तिला बोलवा. नाहीतर हा ब्रश घ्या आणि आजीबाईला तुम्हीच सांगा चढवून घ्यायला."

आजीबाईने याच वेळी एक पाय आपटला. इस्त्रीसाहेबांनी मुकाट्याने माणूस पाठवला.

जीनगराची लेक पन्नाशीची, चणीने लहान, गळ्यात मेणदोऱ्याचा हार घातल्यासारखी गुंडाळी. वडिलांच्या दुकानात ती आता दप्तरं, चपला आणि कुत्र्यांचे पट्टे दुरुस्त करते. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने माझ्यावरून हात फिरवला. अगदी तोच हात होता, फक्त लहान. तिने मला लाकडी घोडीवर चढवलं, तंग आवळला आणि डाव्या रिकिबीला लोंबकळली. मी जीव मुठीत धरून बसलो. काही झालं नाही. मग उजवीकडून. तरीही काही नाही.

"झालं ना? दहा वाजत आले," इस्त्रीसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मी मनातल्या मनात जेवढा ओरडलो, तेवढा आयुष्यात ओरडलो नाही. नको थांबूस, बये! अजून एकदा!

"बाबा तीनदा लोंबकळायचे," ती शांतपणे म्हणाली. तिने दोन्ही हातांनी रिकीब धरली, पाय उचलले आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार...

चार म्हणताना पहिला पट्टा तुटला. दुसऱ्याने क्षणभर तग धरला आणि तोही घडीच्या जागी कटकन गेला. मी घोडीवरून फिरलो आणि सरळ त्या बाईच्या अंगावर पालथा पडलो. खाली गवत होतं, म्हणून तिला लागलं नाही. मी तर आनंदाने वेडाच झालो होतो. तुटलो, एकदाचा तुटलो! साठ वर्षांत इतकं सुखाचं पडणं मला माहीत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात कंडक्टरबाई उभ्या होत्या.

त्यांनी गवतात पडलेली जीनगराची लेक बघितली, मला बघितलं आणि माझ्या झापेखालून लोंबणारा तुटका पट्टा बघितला. इस्त्रीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी बसले असते तर हे कुठे तुटलं असतं?" बाईंनी विचारलं.

"उतारावर," मोतद्दारकाका म्हणाले. "तिथेच सगळा ताण येतो."

"म्हणजे दगडावर."

"दगडावर."

बाई गवताच्या पेंढीवर मटकन बसल्या. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी छातीवर हात ठेवला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, तीन रात्री झोप नाही मला. सारखं वाटत होतं, पडणार, पडणार. घरचे म्हणाले, मनाचे खेळ आहेत. घ्या! खेळ नव्हता तो. बरं वाटलं बघा."

इस्त्रीसाहेब भानावर आले. सरावाचं खोगीर चढवू, वरून या खोगिराची मखमली झूल टाकू, कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं ते घाईघाईने म्हणाले. मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. बाई सुखरूप पोचल्या असत्या, यापलीकडे मला काही नको होतं. मी पुन्हा पेटीत जायला तयार होतो.

पण बाईंनी जीनगराच्या लेकीकडे बघितलं. "तू सांग, बाळ. हे दुरुस्त होतं का?"

पन्नाशीच्या बाईला ‘बाळ’ म्हटलं, पण तिला ते आवडलेलं दिसलं. "हाडं-मांस सगळं ठणठणीत आहे. फक्त पट्टे गेलेत. सरावाच्या खोगिराचे पट्टे बाबांनीच शिवलेले आहेत, रोज वापरातले आहेत, तेल पिऊन मऊ आहेत. ते उसवून इकडे शिवते. चारही बदलते. मला दीड तास द्या."

"अकराचा मुहूर्त आहे!" इस्त्रीसाहेब म्हणाले. "उशिराचं कारण काय सांगायचं? तांत्रिक अडचण?"

"खोगिराचा पट्टा तुटलाय, शिवतोय, असं सांगा," बाई म्हणाल्या. "आमच्या बसचं टायर पंक्चर झालं की मी तसंच सांगायचे. लोक कुरकुरतात, पण खरं सांगितलं की थांबतात. काहीच सांगितलं नाही की काचा फोडतात."

साहेबांनी ध्वनिक्षेपकावरून ते जसंच्या तसं सांगितलं. सगळ्या चौकात हशा पिकला. पण तो चांगला हशा होता. कुणीतरी ओरडलं, "नीट शिवा हो!"

मग जीनगराची लेक कामाला लागली. रापीने उसवलं, आरीने भोकं पाडली, दोन्ही टोकांना सुया ओवून मेणदोरा दोन्ही बाजूंनी खेचला. राज्यप्रमुख होणार असलेल्या बाई तिच्यासमोर बसून, मुरगळलेलं मनगट सांभाळत, पट्टा ताणून धरत होत्या. मध्येच त्या दोघी घरचं बोलायच्या. लेक म्हणाली, बाबांनी शेवटपर्यंत या खोगिराचा ध्यास घेतला होता. घडी पडलीय, घडी पडलीय, असं तापातही म्हणायचे. आम्हाला वाटायचं, कपड्यांबद्दल बोलतात. बाईंनी पट्टा अजून घट्ट धरला. इतक्या वर्षांनी माझ्या अंगातून सुई जात होती आणि मला अगदी घरी आल्यासारखं वाटत होतं.

साडेअकराला शेवटची गाठ बसली. लेकीने मला पुन्हा लाकडी घोडीवर चढवलं आणि मग तिचा चेहरा पडला.

"मी लोंबकळून उपयोग नाही. बसणाऱ्यापेक्षा भारी माणूस लागतो."

बाई काही किरकोळ अंगाच्या नव्हत्या. लेक तर चिमणीएवढी. मोतद्दारकाका म्हणजे काठीला सदरा. तिघांच्याही नजरा हळूहळू फिरत इस्त्रीसाहेबांवर स्थिरावल्या. साहेब उंचेपुरे आणि खाऊनपिऊन सुखी होते.

"मी?" ते म्हणाले. "मी अधिकारी आहे."

लेकीने रिकीब त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी यादी घडी करून खिशात ठेवली. कोट काढून काकांच्या हातात दिला. एकदा डावीकडून लोंबकळले, एकदा उजवीकडून. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही पाय उचलले, डोळे घट्ट मिटले आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने मोजायला लागले. दहाला त्यांनी डोळे उघडले आणि आपण अजून वरच आहोत हे बघून ते जे हसले, तसं हसू त्यांच्या तोंडावर कुणी कधी बघितलं नव्हतं.

"धरलं की हो!" ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच काकांना सांगितलं, "चढवा आता."

बाई बसल्या. मी त्यांचा भार घेतला, पट्ट्यांनी माझा घेतला आणि आजीबाईने आम्हा सगळ्यांचा घेतला. पागेच्या दारातून बाहेर पडताना बाईंनी गुडघे माझ्यावर घट्ट आवळले होते. वरून दिसत नसलं, तरी मला समजत होतं. त्या कुजबुजत होत्या, "पुढे सरका, पुढे सरका," आणि आजीबाई आज्ञेत असल्यासारखी सरकत होती. उतार आला. आजीबाईने मान खाली घातली, सगळा ताण मागे आला. जिथे तुटायचं, ती जागा हीच. शिवण करकरलीसुद्धा नाही. बाईंनी एक मोठा श्वास सोडला आणि त्यांचे गुडघे सैल झाले. तिथून पुढे त्या खऱ्या बसल्या. इतक्या छान की मला मिशीवाल्यांची आठवण झाली.

पायरीपाशी आजीबाई थांबली. बाईंनी उजवा पाय मागून फिरवला, सावकाश खाली घेतला आणि दगडावर टेकवला. मग दुसरा. लगाम काकांच्या हातात दिला.

"उतरले," त्या म्हणाल्या. मोठ्याने नव्हे, पण चौक इतका शांत होता की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आणि मग जो जल्लोष झाला, त्याने सभागृहाच्या छपरावरची कबुतरं उडाली.

गर्दीच्या कडेला जीनगराची लेक उभी होती. सगळे बाईंकडे बघत होते. ती एकटी माझ्या पट्ट्याकडे बघत होती. बाईंचा दुसरा पाय टेकला, तशी ती फुटपाथवर बसली, तिने ओंजळीत तोंड झाकलं आणि म्हणाली, "बाबा, घडी काढली हो. घडी काढली."

मित्रांनो, आता मी पेटीत नाही. पागेत एका रुंद खुंटीवर असतो, पट्टे सरळ सोडून. आठवड्यातून एकदा ती येते, मला उलटं करते, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे आधी तेल लावते आणि उरलं तर वर. माझं कातडं आता पूर्वीसारखं चकाकत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, ज्यांच्यावर कुणीतरी रोज भार टाकतं. आजोबांची काठी असेल, माळ्याची शिडी असेल, लहान भावाचा झोपाळा असेल. नुसत्या पुसून ठेवू नका. उलट्या करून बघा. दुमड पडली असेल तर सरळ करा. आणि दुसऱ्या कुणाला बसवण्याआधी एकदा स्वतः लोंबकळून बघा. तुटलंच तर तुमच्याखाली तुटेल, आणि त्यासारखं भाग्य नाही.

मला भेटायला या कधीतरी. लांबून वा वा करू नका. पट्टा धरा आणि चांगला जोर लावून ओढा.